मोनीकडची खिरापत

इंदूकाकी दारातच उभी होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात कागदातून नुकताच काढलेला लाल साबण.

"एकेक पुढं या. दोन्ही हात दाखवा," ती म्हणाली.

आम्ही अकरा पोरी होतो. कुणी परकर-पोलक्यात, कुणी फ्रॉकमध्ये. हादग्याचे दहा दिवस झाले होते, दहा घरं झाली होती, पण आत शिरण्याआधी हात धुवायला कुणी लावले नव्हते. इंदूकाकीनं मात्र एकेकीचा हात धरून, नखांच्या कडेपर्यंत साबण चोळून, वर धुतलेल्या पंच्यानं पुसून मगच उंबरा ओलांडू दिला. चिंगी सगळ्यांत धाकटी, पाच वर्षांची. तिला फेसाची एवढी गंमत वाटली की ती पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. माझ्या मागं कुणीतरी कुजबुजलं, "बघ, साबण लावतीया. म्हंजी लागतंयच."

मलाही तसंच वाटलं. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. तो समज अजून पुरता गेलेला नाही, असं मोनी म्हणते. या गोष्टीला वीसेक वर्षं झाली, तरी फोनवर आमचं त्यावरून भांडण होतंच.

मोनी म्हणजे मोनिका, इंदूकाकीची एकुलती एक लेक आणि माझी पहिलीपासूनची मैत्रीण. आमचं गाव विट्याच्या पलीकडं, माळावरचं, पाण्याला महाग. घरटी एक तरी पुरुष गलाईच्या धंद्यात परमुलखात. गलाई म्हणजे सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करायचं काम. माझे वडील सेलमला होते, मोनीचे गुंटूरला. त्यामुळं वर्षातले अकरा महिने गावात बायकांचं राज्य असायचं, आणि काय खरं, काय खोटं, ते पाण्याच्या टाकीपाशी ठरायचं.

मोनीला रक्ताचा कॅन्सर झाल्याचं कळलं ते आदल्या वर्षी दिवाळीच्या आधी. इंदूकाकी तिला घेऊन मुंबईला गेली ती दहा महिन्यांनी, श्रावणात परत आली. मोनीचे केस गेले होते. डोक्याला रुमाल, तोंडाला पांढरं फडकं. टाकीपाशी ठरलं की हा रोग श्वासातून लागतो, नाहीतर तोंड कशाला बांधलं असतं? कुणी म्हणालं बापाच्या भट्टीच्या धुरानं झालाय, कुणी म्हणालं यांच्या आज्यानं नाग मारला होता. पोर आता बरी आहे, गोळ्या चालू आहेत, शाळेत जायला डॉक्टरांची हरकत नाही, असं इंदूकाकी प्रत्येकीला सांगायची. बायका ऐकून घ्यायच्या आणि हंडा उचलून तिच्यापासून लांबून जायच्या.

शाळेत मोनी खिडकीजवळच्या बाकावर एकटी बसायची. त्या बाकावर पूर्वी मी तिच्याशेजारी बसत होते. ती परत आली त्या दिवशी मी दप्तर उचललं आणि मागच्या बाकावर गेले. मला कुणी जा म्हणालं नव्हतं. हे सांगायला आजही बरं वाटत नाही.

हस्त नक्षत्र लागलं की आमच्याकडं सोळा दिवस हादगा. रोज संध्याकाळी एका घरी पाटावर तांदळाचा हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी त्या घरची खिरापत ओळखायची. खिरापत झाकणाच्या डब्यात ठेवलेली असते. डबा प्रत्येकीच्या हातात एकदा येतो. तो हलवायचा, कानाला लावायचा, वास घ्यायचा, पण उघडायचा नाही. ओळखता आलं नाही तर "हरले" म्हणून पुढचीकडं द्यायचा. आमच्या आळीचा आणखी एक नियम होता, दुसरीकडं कुठं असेल-नसेल. जी ओळखेल तिला पहिली मूठ, आणि ती त्या घरच्या पोरीनं आपल्या हातानं द्यायची. तिनं खाल्ली की मग बाकीच्यांना वाटायची. आणि सगळ्याच हरल्या तर डबा न उघडता परत घरात न्यायचा. असं कधी झालं नव्हतं, कारण मी होते.

यात फुशारकी नाही. चकली वाजते कशी आणि शंकरपाळी वाजते कशी, मला झोपेतून उठवून विचारा. दहा घरांतल्या नऊ खिरापती मी ओळखल्या होत्या. दहावी राहिली, कारण पमाताईच्या आजीनं खोबऱ्याच्या वड्या पंच्यात गुंडाळून डब्यात घातल्या होत्या. ती मी अजून फसवणूकच धरते.

पमाताई नववीत होती, आमच्यातली थोरली. हत्ती तीच काढायची, गाणं तीच उचलायची. अकरावं घर मोनीचं आहे हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिनं आपल्या आईला विचारलं, तिच्या आईनं टाकीपाशी विचारलं. हादगा म्हणजे देवाचं काम, त्यात घर वगळायची छाती कुणाची नव्हती. शेवटी असं ठरलं की पोरींनी जायचं, फेर धरायचा, पण तिथलं काही तोंडात घालायचं नाही. मग वाट पमाताईनंच काढली. सगळ्यांनी हरले म्हणायचं. डबा उघडणारच नाही, म्हणजे खाण्याचा प्रश्न नाही आणि कुणी नको म्हटलं असंही व्हायला नको. आम्हा पोरींना ही युक्ती तेव्हा फार हुशारीची वाटली.

माझ्या आईला तेवढ्यानं भागलं नाही. ती मला चांगली ओळखत होती. माझ्या पाठची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती आणि माझ्यानंतर आठ वर्षांनी अक्षय झाला होता. तो आता दोन वर्षांचा. त्याला शिंक आली तरी आईचा जीव खालीवर व्हायचा. त्या दिवशी दुपारी तिनं त्याला मांडीवर घेतलं, माझा हात ओढून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "नाच, गाणी म्हण. पण मोनीकडचं कायबी तोंडात घातलंस तर याची शपथ हाय तुला."

अक्षयला वाटलं हा खेळ आहे. त्यानं माझा हात डोक्यावरून काढला आणि चावला.

शपथेचं आम्हा पोरींत फार कडक होतं. ज्याची घातली त्याच्या जिवावर यायचं. सुटकेचा एकच रस्ता. जिनं घातली तिनंच "सुटली" म्हणायचं. पेन्सिलीवरून घातलेल्या शपथासुद्धा आम्ही पाय धरून सोडवून घ्यायचो. ही तर अक्षयची होती.

आणि याच्या आदल्या दिवशी मोनी मला शाळेच्या नळापाशी भेटली होती. परत आल्यापासून आम्ही दोघीच अशा उभ्या राहिलो नव्हतो. तोंडावरचं फडकं तिनं गळ्यात ओढलं होतं.

"उद्या आमच्याकडं हाय," ती म्हणाली. "येशील न्हवं?"

मी येईन की म्हणाले.

"आईनं पप्पांना फोनवर सांगितलंय. उद्या पोरींनी आमच्यातली खिरापत खाल्ली तर हितंच राहायचं. न्हाईतर दिवाळीला घर बंद करून गुंटूरला जायचं." थोडं थांबून ती म्हणाली, "मला तिथली भाषा येत न्हाई, हेमे."

तेवढ्यात घंटा झाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

तर अशा आम्ही अकरा जणी, धुतलेल्या हातांनी, मोनीच्या सोप्यात उभ्या होतो. फरशी नुकती पुसलेली होती, फिनेलचा वास येत होता. पाटावरचा हत्ती मोनीनंच काढला होता. त्याची सोंड जरा आखूड झाली होती आणि पमाताईनं न बोलता चिमूटभर तांदूळ घेऊन ती वाढवली. मोनीनं पिवळा फ्रॉक घातला होता. डोक्याला रुमाल नव्हता. केस जेमतेम बोटाच्या पेराएवढे, काळेभोर आणि मऊ. मला हात लावून बघायची फार इच्छा झाली.

फेर धरायचा तर हात धरायला हवेत. मोनीचा एक हात चिंगीनं लगेच पकडला. दुसऱ्या बाजूला दोन हातांची जागा मोकळी राहिली. सगळ्या जणी आपापले कपडे नीट करू लागल्या. आईनं मला फक्त खायचं नाही म्हणून सांगितलं होतं, हात धरण्याबद्दल काही बोलली नव्हती. मी जाऊन तो हात धरला. तो पूर्वीपेक्षा निम्मा झाला होता. मनगटावर सुईचे काळपट डाग होते. मोनीनं माझ्याकडं बघितलं नाही, पण माझी बोटं घट्ट धरली, आणि गाणं सुरू झालं.

आम्ही चांगलं नाचलो. खरंच चांगलं. तिसऱ्या गाण्याला तर सगळ्या जणी कुठं आलोय ते विसरलो. मोनीला धाप लागली तेव्हा पमाताईनं गाण्याची लय आपण होऊन उतरवली. इंदूकाकी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून बघत होती आणि गाणी तिला पाठ असल्यासारखे तिचे ओठ हलत होते.

मग मोनी आत जाऊन डबा घेऊन आली. पितळी, कडीचा, घासून लख्ख केलेला.

पमाताईनं रिवाजाप्रमाणं विचारलं, "गोड का तिखट?"

"दोन्ही न्हाई," मोनी म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. आपली खिरापत अवघड आहे याचा तिला आनंद झाला होता.

पमाताईनं डबा घेतला, हलवल्यासारखं केलं आणि म्हणाली, "हरले."

दुसरी म्हणाली, हरले. तिसरीनं तर डबा कानापर्यंतही नेला नाही. चिंगीला कुणी काही पढवलं नव्हतं बहुतेक. ती "लाडू" म्हणाली. मोनी नाही म्हणाली. मग चिंगी "जिलेबी" म्हणायच्या बेतात होती, तेवढ्यात तिच्या बहिणीनं तिला कोपर मारलं आणि तीही हरले म्हणाली. डबा असा भराभर पुढं येत होता. मोनीचं हसू पहिल्या दोघींपर्यंत टिकलं. पाचवीच्या वेळी तिनं आईकडं बघितलं. इंदूकाकीचे ओठ आता हलत नव्हते. दोघींना एकाच वेळी कळलं असणार. कळायला अवघड नव्हतंच. अकरा पोरी आणि कुणालाच काही ओळखायचं नाही, असं कुठं असतं?

डबा माझ्याकडं सगळ्यांत शेवटी आला.

तो कोमट होता. बाकीच्या घरी खिरापत दुपारीच करून ठेवलेली असायची, ही आत्ता चुलीवरून उतरलेली होती. मी हलवला. खळखळ नाही, थबथब. ओलं, जड, बोटाएवढं काहीतरी एकमेकांवर सरकत होतं. झाकणाच्या फटीतून वास आला, मिठाचा आणि ओल्या मातीचा. तेव्हा भुईमुगाची काढणी चालू होती. मला डबा दुसऱ्यांदा हलवायची गरज नव्हती.

मी तशीच उभी राहिले. डोळ्यांपुढं अक्षयचं डोकं येत होतं. हरले म्हणायचं, एवढंच तर काम होतं. मी स्वतःला समजावलं की हे हरणं खरं नाही, हे शपथेचं आहे, हे मोजायचं नाही. मी तोंड उघडलं.

मोनी पुढं आली आणि डब्याच्या कडीला हात घातला.

"दे, हेमे. राहू दे," ती म्हणाली.

ती चिडली असती, रडली असती, तर मी हरले म्हणून मोकळी झाले असते. पण ती आपल्या आईसारखं, थोराड बाईसारखं बोलली. दहा वर्षांच्या पोरीनं असं "राहू दे" म्हणू नये. मला ते सहन झालं नाही.

"शेंगा," मी म्हणाले. "उकडलेल्या शेंगा. मीठ घालून."

पमाताईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कुणाचं तरी घर पेटवलंय. इंदूकाकी दाराशी मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. ती हसत होती का रडत होती, ते मला तिथून कळलं नाही. मोनीनं डबा उघडला. वाफ आली. तिनं ओंजळ भरून शेंगा काढल्या आणि माझ्या ओंजळीत ओतल्या.

आणि मग, झाकण लावायच्या निमित्तानं वाकून, ती माझ्या कानाशी म्हणाली, "नुसत्या फोड. दाणे ओच्यात टाक. आईला तिथनं दिसत न्हाई."

मी तिच्याकडं बघतच राहिले. "तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनाच घरनं सांगितलंय. मला म्हाईत हाय की. तू नुसत्या फोड, म्हंजी झालं."

तिला गावात राहायचं होतं, तिला ती परकी भाषा शिकायची नव्हती, आणि तरीही माझ्याकडून घरचा शब्द मोडू नये म्हणून ती मला वाट काढून देत होती. माझ्या जागी ती असती तर बाक सोडून गेली नसती, हे मला तेव्हा कळलं. इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा वाटलेली नाही. मी शेंग फोडली आणि दाणे तोंडात टाकले. मग दुसरी, मग तिसरी. मी शेंगा खात होते आणि अक्षयसाठी रडत होते, नाक वाहत होतं, आणि शेंगा इतक्या सुरेख शिजल्या होत्या की तेही कळत होतं.

चिंगी म्हणाली, "मला बी." तिच्या बहिणीनं तिचा फ्रॉक धरला, पण ती सुटून गेली आणि मोनीपुढं दोन्ही हात पसरून उभी राहिली. तिच्यामागून आणखी पाच जणी आल्या. चौघींनी तिथं काही तोंडात घातलं नाही. पमाताई त्या चौघींतली. तिनं ओढणीत शेंगा बांधून घेतल्या, पण जाताना आळीच्या वळणावर ती एकटीच उभी राहून काहीतरी चघळत होती, ते मी बघितलं. मी कुणाला सांगितलं नाही.

घरी मी पळत गेले. अक्षय अंगणात कोंबडीच्या मागं लागला होता. मी त्याला उचलून घरात आणला, खाली बसवला आणि आईच्या पायाला मिठी मारली.

"आई, सुटली म्हण."

"काय सुटली?"

"आधी म्हण. नुसतं सुटली म्हण."

आई भाकऱ्या थापत होती. तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या हनुवटीला शेंगेचं काळपट पाणी लागलं होतं ते बघितलं, आणि मला मारलं. पिठाचा हात होता. तिनं मला त्याआधी कधी मारलं नव्हतं. मग तिनं अक्षयला उचललं आणि चुलीपासून लांब, कोपऱ्यात जाऊन बसली. ती सुटली म्हणाली नाही. मी किती वेळा सांगितलं, तरी म्हणाली नाही.

आणि सकाळी अक्षयच्या अंगात ताप होता.

आईनं त्याला शालीत गुंडाळलं, माझं मनगट धरलं आणि तडक मोनीच्या दारात नेऊन उभं केलं. आळीतल्या बायका पाण्याला निघाल्या होत्या, त्या हंडे घेऊन जागच्या जागी थांबल्या. मला वाटलं आता आई काहीतरी भयंकर बोलणार. पण तिच्याआधी इंदूकाकीच बोलली. तिनं आईच्या खांद्यावरचा अक्षय बघितला, मोनीला मागच्या मागं आत ढकललं आणि दाराला बाहेरून कडी लावली.

"वैनी, तिथंच थांबा. पोराला ताप हाय का?"

"हाय. काल हिनं तुमच्यात खाल्लं आन् आज हा तापला."

"मग उंबऱ्याच्या आत येऊ नका. पाया पडते."

"आता आमचाच विटाळ व्हाय लागला व्हय गं, इंदे?" आई म्हणाली. रात्रभराचा सगळा राग तिच्या आवाजात होता.

"विटाळ न्हाई, वैनी." इंदूकाकीनं कडीवरचा हात काढला नाही. "तुमच्या पोराचा ताप दोन दिवसांत उतरंल. त्योच माझ्या पोरीला आला तर मला मुंबई गाठावी लागंल, आन् तवर ती टिकंल का न्हाई ते कुणी सांगत न्हाई. औषधानं तिच्या अंगातली समदी ताकद मारलीया. तिच्यापासनं कुणाला कायबी हुत न्हाई. तुमच्यापासनं तिला हुतं."

आईनं अक्षयच्या अंगावरची शाल नीट केली. मग तिनं विचारलं, "त्ये तोंडाचं फडकं?"

"लोकांचा खोकला तिच्या नाकात जाऊ ने म्हणून."

"आन् कालचा साबण?"

"त्यापायीच."

मला आठवतं, हंडेवाल्या बायकांपैकी एकीनं हंडा खाली ठेवला. आईनं त्या बंद दाराकडं बघितलं. मग तिनं विचारलं, आणि आता तिचा आवाज भांडणाचा नव्हता, "येवढं भ्या हुतं, तर अकरा पोरी घरात घेतल्यासच कशाला?"

इंदूकाकी दाराला टेकून पायरीवर बसली.

"ती रोज शाळेतनं येऊन भिंतीकडं तोंड करून बसायची, वैनी. तुम्ही आई हायसा. ती आजारानं जाईल ह्याचं भ्या, आन् अशी बसून बसून जाईल ह्याचं बी भ्या. दोन्ही भ्या घेऊन किती दिस काढू? मग म्हटलं, हात धुवून घेऊ आन् बघू काय हुतंय ते." तिनं डोळे पुसले. "तिला करंज्या करायच्या हुत्या. मीच म्हटलं, शेंगा करू. टरफलाच्या आत कुणाचा हात पोचत न्हाई. तेवढ्यानं तरी आयांच्या मनाला बरं वाटंल."

आईनं अक्षयला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मग ती हळूहळू मागं सरकली, रस्त्याच्या पलीकडच्या कडेपर्यंत, आणि तिथून तिनं माझ्याकडं बघितलं. मी रडत होते, कारण अक्षय मरणार हे माझ्या डोक्यात पक्कं होतं.

"सुटली," आई म्हणाली. "सुटली, हेमे. कवाच सुटली. चुकलं माझं."

आणि इंदूकाकीला म्हणाली, "गुंटूर-बिंटूर काय न्हाई. दाल्ल्याला फोन लावून सांग."

अक्षयला साधा सर्दी-ताप होता. विट्याच्या डॉक्टरनं सुई दिली, तो डॉक्टरला चावला आणि चौथ्या दिवशी पुन्हा कोंबडीच्या मागं लागला. त्या चार दिवसांत आई टाकीपाशी जे बोलली ते मी तिथं नसतानाही मला ऐकू आलं असतं. आधी लांबून जायचं ते जसं सगळ्या बायकांना तिनंच पटवलं होतं, तसंच आता हेही तिनंच पटवलं. सगळ्यांना पटलं असं नाही. दोन घरं कधीच आली नाहीत. पण कुणाच्या घरात खोकला-पडसं असलं की ती बाई आपण होऊन इंदूकाकीला लांबूनच सांगू लागली.

मलाही आईनं ते चार दिवस मोनीकडं पाठवलं नाही, शाळेतही तिच्याजवळ जायचं नाही म्हणून बजावलं. हादगा संपत आला होता, मी आदळआपट केली, जेवले नाही. पण आईनं ऐकलं नाही. आधी मोनीपासून मला जपत होती, आता माझ्यापासून मोनीला जपत होती, आणि दोन्ही वेळा तेवढीच हट्टी.

पाचव्या दिवशी शाळेतून घरी येऊन मी मोनीकडं निघायला पुन्हा चपला घालत होते तेव्हा तिनं मला हाक मारली. जवळ घेतलं. कपाळाला हात लावून बघितला, गळ्याला लावून बघितला. "खोक बघू," म्हणाली. मी खोकून दाखवलं. तिनं मान वाकडी करून नीट ऐकलं. मग माझ्या केसांवरून हात फिरवला.

"जा," ती म्हणाली. "आन् मोनी काय दील ते पोटभर खाऊन ये."